मोटरहोमची वॉरंटी संपायला ६० दिवस उरलेत. काय काय तपासून घ्यावं?

वाटसरू_६०
मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, वॉरंटीवर इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच बोलून झालंय, पण एका जागी काही नाही. म्हणून हा धागा. प्रश्न नेमका असा: पहिली वॉरंटी संपायला साधारण ६० दिवस आहेत. गाडी चालते, दिवे लागतात, नळाला पाणी येतं, तक्रार अशी काही नाही. तर वर्कशॉपला न्यायच्या आधी मालकाने स्वतः काय तपासावं, कशाने तपासावं, आणि सापडलेलं कुणाच्या गळ्यात घालावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. वॉरंटी ३ वर्षांची की ५ वर्षांची यावर लोक उगाच भांडतात. तक्रार न करता संपलेली ५ वर्षं काय कामाची? आणि ६० दिवस अशासाठी, की सुटा भाग मागवायला, तारीख मिळायला आणि एकदा तरी 'फॉल्ट सापडला नाही' हे ऐकून परत यायला तेवढे लागतातच.

नवी गाडी ताब्यात घेताना काय बघायचं हा विषय इथे नको. तो वेगळा धागा होईल.

कागदीघोडा
आधी 'वॉरंटी' हा शब्द एकवचनात वापरणं सोडा. एका मोटरहोमला किमान तीन असतात. खालची गाडी, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, ही डुकाटो, स्प्रिंटर, ट्रान्झिट जी असेल तिच्या कंपनीकडे. वरचं घर बांधणाऱ्याची दुसरी. तिचेही बऱ्याचदा दोन तुकडे: फर्निचर, वायरिंग, नळ यांची कमी मुदतीची आणि पाणी आत झिरपण्याविरुद्धची लांब मुदतीची. तिसरी फ्रिज, हीटर, चार्जर, पंप यांच्या उत्पादकांची, प्रत्येकाची निराळी. टायर आणि बॅटऱ्या अनेकदा या सगळ्यांतून वगळलेल्या असतात.

आणि या तिन्ही एकाच दिवशी सुरू होतीलच असं नाही. चॅसी, म्हणजे ही खालची गाडी, घर बांधणाऱ्याच्या आवारात कित्येक महिने उभी असू शकते. कंपनीच्या नोंदीत सुरुवातीची तारीख तीच पडली असेल, तर तुम्हाला वाटणारे ६० दिवस संपूनही गेले असतील. चॅसी नंबर देऊन कंपनीकडून ती तारीख लेखी मागवा. चुकलेली असेल तर खरेदीच्या बिलावरून दुरुस्त करून घेता येते, मुदत संपायच्या आत मागितली तर.

फ्यूज_उडाला
एक ना धड, भाराभर चिंध्या.

डीप्लस
कागदीघोडा यांच्याशी सहमत. खरी टोलवाटोलवी होते ती सीमेवरच्या बिघाडांत. नेहमीचं उदाहरण: गाडी चालवूनही घराची बॅटरी चार्ज होत नाही. चॅसीवाले म्हणतात घराचं वायरिंग, घरवाले म्हणतात अल्टरनेटर.

मल्टीमीटर घेऊन दहा मिनिटांत निकाल लागतो. इंजिन बंद असताना स्टार्टर बॅटरीवर मोजा, साधारण १२.६ व्होल्ट असेल. इंजिन सुरू करून हेडलाइट लावा. आकडा चढून १३.५ ते १४.५ च्या मध्ये आला, तर अल्टरनेटर काम करतोय. आता घराच्या बॅटरीवर मोजा. तिथे आकडा हललाच नाही, तर मधला रिले (दोन बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच) किंवा चार्जर बघायचा. त्याला 'इंजिन चालू आहे' असं सांगणारी एक बारीक वायर असते, डी-प्लस. तिच्यावर इंजिन चालू असताना १२ व्होल्ट येत असतील आणि तरी रिले ओढत नसेल, तर जबाबदारी घरवाल्याची. डी-प्लसच येत नसेल, तर ती कुठून घेतलीय ते बघायचं: चॅसीच्या अधिकृत जोडणीतून घेतली असेल तर चॅसीवाला, मध्येच कुठल्या वायरीला टोचून घेतली असेल तर पुन्हा घरवाला.

एक पुरवणी. युरो ६ या प्रदूषण मानकाच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर 'स्मार्ट' असतो, स्टार्टर बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. त्यामुळे एकदा मोजून कुणावर आरोप करू नका. आणि साध्या रिलेवर घराची बॅटरी अर्धवटच भरते, तिथे डीसी ते डीसी चार्जर लागतो. तो मुळात बसवलेलाच नसेल तर तो दोष धरला जात नाही, ती 'रचना' ठरते.

ओली_भिंत
बाकी सगळं नंतर. आधी पाणी. फ्रिज बदलता येतो, कुजलेली भिंत बदलायची म्हणजे अर्धी गाडी उसवावी लागते.

दोन खिळ्यांचा ओलावा मीटर घ्या, लाकडाच्या मापावर ठेवा. शेवटचा पाऊस होऊन दोनेक दिवस झालेले असावेत, आणि आत आदल्या रात्री स्वयंपाक किंवा झोपणं नको, नाहीतर काचेवरची वाफच मोजाल. मोजायच्या जागा: छत आणि भिंत जुळते तो पूर्ण सांधा, प्रत्येक खिडकीचे खालचे दोन कोपरे, छतावरच्या झडपांची चौकट, मागचे दिवे आतून जिथे येतात ते कप्पे, बाहेरच्या लॉकरच्या दारांच्या कडा, ऑनिंगचे (बाहेर उघडणाऱ्या कापडी छपराचे) ब्रॅकेट, आणि केबिनवरच्या पलंगाचे पुढचे कोपरे. गादी उचलून मोजा. गादीवर मोजून काय कळणार?

१५ टक्क्यांपर्यंत निश्चिंत. १५ ते २० असेल तर जागा लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. २० च्या वर गेलं की कारण शोधायचं. ३० च्या वर लाकूड मऊ पडायला लागलंय असंच धरून चाला. पण सुट्या आकड्यापेक्षा तुलना जास्त बोलते. डावा कोपरा १२ आणि तोच उजवा २२, तर उजवीकडे काहीतरी आहे. वॉलपेपरखाली धातूचा पत्रा किंवा फॉइल असेल तर मीटर वेड्यासारखे आकडे दाखवतो, म्हणून हाताचा अंगठाही वापरा. भिंत दाबल्यावर आत जाते का? बाहेरून फायबरचा पत्रा टकटक केला तर कुठे पोकळ वाजतो का? तो आतल्या थरापासून सुटायला लागलाय.

आणि ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट: पाणी झिरपण्याची वॉरंटी बऱ्याच ठिकाणी वार्षिक ओलावा तपासणीला बांधलेली असते. ठरलेल्या तारखेच्या आगेमागे काही दिवसांची मुभा असते, ती किती हे पुस्तिकेत असतं. ती तपासणी अधिकृत माणसाने करून शिक्का मारलेला लागतो. स्वतः केलेली मोजणी तक्रारीला उपयोगी, वॉरंटी जिवंत ठेवायला नाही. एक वर्ष चुकलं की पुढची सगळी वर्षं गेली.

बुटाईल_प्रेमी
ओली_भिंत ताईंना शंभर टक्के अनुमोदन. जोडीला एवढंच, की बहुतेक पुस्तिकांत छतावरचं सीलंट 'देखभालीची वस्तू' म्हणून वगळलेलं असतं. म्हणजे भिंत वॉरंटीत, पण सीलंट फाटल्यामुळे भिंत भिजली तर 'मालकाने देखभाल केली नाही'. म्हणून दर सहा महिन्यांनी छतावर जाऊन तारखेसकट फोटो. झडपांच्या कडा, अँटेना, सोलरच्या वायरी आत जातात ती जागा, पुढची-मागची पट्टी. केसाएवढी चीर दिसली तरी फोटो.

स्वतः दुरुस्त करायचं असेल तर छत कशाचं आहे ते आधी बघा. रबरी ईपीडीएम छतावर पेट्रोलियम असलेला कुठलाही क्लीनर चालत नाही, रबर फुगतं. तिथे आपोआप पसरणारं सीलंट फक्त आडव्या भागावर, उभ्या कडेला न ओघळणारं. चौकटीच्या खाली बुटाईल (चिकट रबरी) पट्टी, वरून सीलंट. आणि बाथरूमचं सिलिकॉन कुठेही नको. त्याचा तवंग राहिला की त्यावर नंतर काही म्हणजे काही चिकटत नाही.

हातचा_मळ
सिलिकॉनला एवढी नावं का ठेवता? काच आणि ॲल्युमिनियमच्या जोडावर वर्षानुवर्षं टिकतं.

बुटाईल_प्रेमी
टिकतं, मान्य. उखडल्यावर काय? खरवडून, घासून, पुसून पुन्हा भरलं तरी कडेने सुटतं. बाथरूमच्या आत लावा हवं तर, तिथे कुणाची हरकत नाही. छतावर नको.

फ्यूज_उडाला
सिलिकॉन-बुटाईल वाद सुरू झाला, आता धागा शंभरी गाठणार.

गार_पडेना
फ्रिजबद्दल कुणी बोललं नाही अजून. 'फॉल्ट सापडला नाही' हे वाक्य सगळ्यात जास्त फ्रिजच्या वाट्याला येतं, आणि त्याला कारण आहे.

कॉम्प्रेसर फ्रिज असेल तर तो १२ व्होल्टवर चालतो, आणि ठरावीक आकड्याखाली, बऱ्याच युनिटमध्ये १०.४ व्होल्टच्या आसपास, बॅटरी वाचवण्यासाठी स्वतः बंद होतो. वर्कशॉपमध्ये गाडी बाहेरच्या विजेवर लावलेली असते, चार्जर १३.८ देत असतो, फ्रिज सुरेख चालतो. घरी पहाटे बॅटरी १२.१ वर आलेली, त्यात वायर बारीक, फ्रिज सुरू होताना त्याच्या टोकाशी १० च उरतात आणि तो टक् करून बंद. दोष फ्रिजचा नसून वायरीचा. तपास असा: बॅटरीच्या टोकावर आणि फ्रिजच्या टोकावर कॉम्प्रेसर चालू असताना एकाच वेळी व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर जाड हवी, किंवा कुठला तरी जोड सैल आहे. ही घर बांधणाऱ्याची जबाबदारी, फ्रिज कंपनीची नव्हे. तक्रारीत दोन्ही आकडे लिहा. आकडे असले की 'सापडला नाही' म्हणणं जड जातं.

बऱ्याच डॅनफॉस, आताच्या सेकॉप, कंट्रोलरवर दिवा लुकलुकतो: एकदा म्हणजे व्होल्टेज कमी, दोनदा पंख्याचा भार जास्त, तीनदा मोटर सुरू होत नाही. दिवा जोडलेला नसेल तर जोडायला जागा असते.

गॅसवर चालणारा, म्हणजे अमोनियाचा फ्रिज असेल तर गाडी सपाट हवी. उत्पादक साधारण ३ ते ६ अंशांपर्यंत कल चालवून घेतात. तिरपा तासन् तास चालवला तर आतला द्रव एका जागी साचतो, उकळणारी नळी कोरडी तापते आणि आतलं गंजरोधक रसायन स्फटिक होऊन नळी बुजवतं. मागची झडप उघडल्यावर पिवळी पावडर दिसली किंवा नाकाला अमोनिया झोंबला तर शीतयंत्रणा गेली, दुरुस्ती नाही, पूर्ण बदली. वॉरंटीत आहात तर त्याच दिवशी फोटो काढून कळवा. आणि हा फ्रिज तपासायचा तर किमान ८ ते १२ तास आधी लावा, गॅस, बाहेरची वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्ही ऊर्जांवर वेगवेगळा. तासाभरात 'गार होत नाही' म्हणून तक्रार करू नका.

नवखी_चाके
३ अंश म्हणजे डोळ्यांना दिसतात का?

गार_पडेना
फ्रिजच्या आत तळाला साधी पाणसळ ठेवा. बुडबुडा अर्धा तरी मधल्या वर्तुळात असला की पुरे. तुम्हाला पलंगावर झोपून बरं वाटतंय तर फ्रिजलाही बहुतेक बरं वाटतंय.

पंप_धडधडे
पाण्याची चाचणी, खर्च शून्य. टाकी भरा, पंप लावा, सगळे नळ उघडून हवा काढा, मग बंद करा. पंप थांबला पाहिजे आणि थांबून राहिला पाहिजे. दर पाच-दहा मिनिटांनी दोन सेकंद धडधडत असेल तर दाब कुठेतरी जातोय. एकतर गळती, नाहीतर पंपाच्या आतली एकमार्गी झडप पाणी टाकीत परत सोडतेय.

ओळखायचं कसं? बाहेरच्या पाण्याची जोडणी असेल तर पंप बंद ठेवून तिने दाब द्या, प्रेशर रेग्युलेटर लावूनच, आणि दाब तसाच ठेवून टाकीतली पातळी बघा. काही तासांत टाकीतलं पाणी वाढलं तर पंपाची झडप दोषी. वाढलं नाही तर कोरड्या टिश्यूने प्रत्येक जोड पुसत जा. हीटरच्या मागचा, बाहेरच्या शॉवरचा आणि टॉयलेटच्या झडपेचा जोड आधी.

पाणी थिजून फुटलेलं मात्र कुठल्याच वॉरंटीत येत नाही. हिवाळ्यात उभी करणार असाल तर टाकी, हीटर, नळ्या रिकाम्या करा, नळ मधल्या स्थितीत उघडे ठेवा, शॉवरचं डोकं खाली जमिनीवर सोडा. लोक हमखास विसरतात ती जागा म्हणजे बाहेरचा शॉवर. आणि रिकाम्या हीटरचं विजेचं एलिमेंट चुकून लावलं तर काही सेकंदांत जळतं, त्यालाही वॉरंटी नाही.

फ्यूज_उडाला
यादी इतकी वाढलीय की ६० दिवस तपासण्यातच जातील, दुरुस्ती पुढच्या जन्मी. (हलके घ्या.)

गुळगुळीत
टायर वॉरंटीत नसतात म्हणून सोडू नका. बाजूच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३१२१ म्हणजे २०२१ सालचा ३१ वा आठवडा. मोटरहोमचे टायर नक्षी झिजून क्वचित मरतात, उभं राहून मरतात. ६-७ वर्षं झाली की नक्षी नवी असली तरी बदला, विशेषतः भिंतीवर बारीक भेगा असतील तर. बिल दोन वर्षांपूर्वीचं असलं तरी चॅसी त्याआधीची असू शकते, वर कागदीघोडा यांनी सांगितलंच आहे.

वजनही करून घ्या, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा, पाणी-गॅस-माणसांसकट. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात. ॲक्सलवर मर्यादेबाहेर भार सापडला तर स्प्रिंग, बेअरिंग, टायर, सगळ्यांचे दावे तिथेच संपतात.

कागदीघोडा
वाढीव वॉरंटीबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच. तिला वॉरंटी म्हणू नका, तो सेवा करार असतो, बहुतेक वेळा तिसऱ्याच कंपनीचा. दोन जाती. एकात काय येतं त्याची यादी असते, दुसऱ्यात काय येत नाही त्याची. पहिल्या जातीत यादीत नाव नाही तर पैसे नाहीत. दुसरीच घ्यावी, आणि वगळलेल्या गोष्टींत 'सील आणि गॅस्केट', 'झीज', 'परिणामी नुकसान' हे तीन शब्द कसे लिहिलेत ते बघावं. आता ट्रान्समिशनचा सील फुटला, तेल गेलं, गिअर जळले, आणि सील वगळलेला, तर तुम्ही कुठे?

हातचा_मळ
मग घेऊच नये. तेवढे पैसे वेगळे ठेवा, दुरुस्ती निघाली की वापरा. नाही निघाली तर तुमचेच.

डीप्लस
एवढं सरसकट नाही. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग), हायड्रॉलिक जॅक, जनरेटर, दोन एसी अशी जड गाडी असेल तर एका फटक्यात मोठी रक्कम जाऊ शकते. छोट्या व्हॅनवर हातचा_मळ यांचं गणित बरोबर. शिवाय वर्कशॉपला ताशी किती मजुरी हा करार देतो ते बघा. कराराची मर्यादा कमी आणि वर्कशॉपचा दर जास्त असेल तर फरक तुमच्या खिशातून. आणि काम सुरू करायच्या आधी मंजुरी लागते. आधी उघडून मग फोन केला तर वरातीमागून घोडं.

नवखी_चाके
छतावर सोलर पॅनल स्वतः बसवलं तर वॉरंटी जाते का?

बुटाईल_प्रेमी
पूर्ण नाही, पण त्या भागाची जाऊ शकते. छताला भोक पाडलं की आजूबाजूच्या ओलाव्याचं खापर त्या भोकावर. पीयू (पॉलीयुरेथेन) चिकटवाने चिकटवलं तर भोकं फक्त वायरीपुरती. काहीही करण्याआधी बांधणाऱ्याला ईमेल करून लेखी होकार घ्या, किंवा त्यांच्याकडूनच बसवून घ्या.

कागदीघोडा
कायदा देशागणिक बदलतो, म्हणून एवढंच. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. त्यानुसार कंपनीचेच पार्ट वापरा किंवा त्यांच्याकडेच सर्व्हिस करा अशी अट वॉरंटीला घालता येत नाही, ते पार्ट किंवा सर्व्हिस फुकट देत नसतील तर. पण तिथल्या अनेक राज्यांचे सदोष वाहनांचे कायदे मोटरहोमच्या घराच्या भागाला लागू होत नाहीत, फक्त चॅसीला होतात. युरोपीय संघात विक्रेत्याची किमान २ वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, ती उत्पादकाच्या वॉरंटीपेक्षा वेगळी. तेव्हा पत्र उत्पादकाबरोबर विक्रेत्यालाही.

वाटसरू_६०
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नातला एक भाग राहिला. सापडलेलं कळवायचं कसं? एका फोनवर वीस तक्रारी सांगितल्या तर त्यातल्या पाचच कागदावर उतरतात.

कागदीघोडा
फोन नकोच. एक ईमेल, प्रत्येक दोषाला वेगळा क्रमांक. वर चॅसी नंबर, घराचा अनुक्रमांक (तो वेगळा असतो, बऱ्याचदा दाराच्या चौकटीवर किंवा कपाटात चिकटवलेला), किलोमीटर, खरेदीची तारीख. उपकरण असेल तर त्याचा मॉडेल आणि सीरियल नंबर. दोष कधी होतो, किती वेळाने, मोजलेला आकडा, फोटो. 'फ्रिज नीट चालत नाही' असं लिहू नका. 'कॉम्प्रेसर सुरू होताना बॅटरीवर १२.३, फ्रिजवर १०.६' असं लिहा. आणि शेवटी: 'हे दोष वॉरंटीच्या मुदतीत कळवले आहेत याची पोच द्यावी.' मुदतीत नोंदवलेला दोष मुदतीनंतर दुरुस्त झाला तरी तो मुदतीतलाच, असं लेखी मागून घ्या.

गाडी परत घेताना जॉबकार्डवर त्याच क्रमांकांनी काय केलं ते लिहिलेलं हवं. नुसतं 'तपासले, ठीक' असेल तर सही करताना शेजारी 'दोष कायम' लिहा.

ओली_भिंत
आणि वार्षिक ओलावा तपासणी त्याच भेटीत उरकून घ्या. तारीख मुभेच्या आत बसते का तेवढं पुस्तिकेत बघून.

वाटसरू_६०
बघितलं. आमच्या पुस्तिकेत मुभेचे दिवस विक्रीच्या तारखेपासून मोजायचे की पहिल्या नोंदणीपासून, तेच लिहिलेलं नाही.

ओली_भिंत
मग दोन्हींत जी आधी येते ती धरा, आणि उद्याच ईमेल टाकून विचारा. उत्तर येईपर्यंत तपासणीची वेळ घेऊन ठेवा.

फ्यूज_उडाला
वाखुसा (वाचनखूण साठवली). सहा महिन्यांनी छतावर चढलो की पुन्हा वाचेन.